यादीत नसलेले स्वातंत्र्य

आर्थर रोडच्या तुरुंगात बसून एका माणसाने अणूवर पुस्तक लिहिले, तेही मराठीत. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी जाहीर झालेली आणीबाणी अजून उठलेली नव्हती. भारत संरक्षण नियमांचा आधार घेऊन सरकार कोणालाही खटल्याशिवाय आत ठेवू शकत होते. कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी अशाच स्थानबद्धांपैकी एक. मूलकण म्हणजे काय, क्वांटम सिद्धान्त काय सांगतो, हे त्यांनी सामान्य वाचकासाठी लिहून काढले आणि नाव दिले 'अणूच्या अंतरंगात'. लिहायला सरकारची परवानगी होती. पण हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे बाहेर पाठवू द्या, असा अर्ज त्यांनी १९६४ मध्ये केला, तो सरकारने फेटाळला. मग तुरुंगाच्या अधीक्षकांकडे अर्ज गेला. तोही फेटाळला गेला.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी पुस्तकातल्या विषयांवर नजर टाकली आणि हे लोकशिक्षणासाठी लिहिलेले शास्त्रीय पुस्तक आहे, देशाच्या संरक्षणाला त्यातून काही धोका नाही, असा निर्वाळा दिला. एखाद्या सरकारने इथे विषय संपवला असता. महाराष्ट्र सरकारने अपील केले. म्हणजे अणूच्या अंतरंगात काय चालते हे मराठी वाचकाला कळू नये, यासाठी मराठी राज्याने दिल्लीपर्यंत धाव घेतली. यात दुष्टपणापेक्षा फाइलीचा हट्ट जास्त असावा, असे मला वाटते. पण माणसाचे स्वातंत्र्य दुष्टपणाइतकेच हट्टानेही जाते.

सरकारचा सर्वोच्च न्यायालयातला युक्तिवाद नीट पाहण्यासारखा आहे. एकदा माणूस स्थानबद्ध झाला की त्याचे स्वातंत्र्य संपले. त्यानंतर त्याला मिळतात त्या फक्त सवलती, आणि त्या स्थानबद्धतेच्या अटी घालून देणाऱ्या १९५१ च्या मुंबई सरकारच्या आदेशात लिहिलेल्या आहेत. त्या यादीत पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याची सवलत नाही. सबब तसा हक्क नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या निकालपत्राने हा युक्तिवाद उलटा टांगला. तो आदेश सवलती देत नाही, निर्बंध घालतो. यादीत जे नाही त्याची मनाई नाही. नाहीतर, न्यायालयाने विचारले, स्थानबद्धाला जेवण द्यावे अशी अट आदेशात नसती, तर त्याला उपाशी मारायची सरकारला मोकळीक होती असे समजायचे का? हस्तलिखित अडवायला कायद्याचा आधार नव्हता, आणि आधाराविना घातलेला निर्बंध म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्यावर, राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमावर घाला, असा निकाल लागला. तो सप्टेंबर १९६५ च्या पहिल्या आठवड्यात. त्याच आठवड्यात भारतीय फौजा सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने निघाल्या होत्या. देश खऱ्याखुऱ्या युद्धात असताना एका स्थानबद्धाचे शास्त्रीय पुस्तक तुरुंगाबाहेर काढण्याचा आदेश कायम झाला, आणि त्यामुळे देशाचे काही बिघडले नाही.

मूलभूत हक्कांवर बोलताना आपण घटनेतली कलमे मोजतो. शाळेत इतिहासाच्या शेपटाला बांधलेल्या नागरिकशास्त्रात तेच शिकलो: समानतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, शोषणाविरुद्धचा हक्क, अशी यादी पाठ करायची आणि गाळलेल्या जागा भरायच्या. त्या यादीने नकळत एक समजूत डोक्यात बसवली, की यादीत आहे तेवढे आपले. संझगिरींच्या प्रकरणात सरकार हेच तर म्हणत होते. माझे म्हणणे एवढेच, की हक्क म्हणजे यादीतला जिन्नस नव्हे. दोघे समोरासमोर आले की जबाब कोणी द्यायचा, याचा आधीच लागलेला निकाल म्हणजे हक्क. 'तू हे का करतोस' असे विचारणारा आणि 'तुम्ही मला का अडवता' असे विचारणारा, या दोघांपैकी कोणाच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, त्यावर त्या देशात स्वातंत्र्य किती ते ठरते.

आपल्या भाषेनेही या बाबतीत आपल्याला थोडे गोत्यात आणले आहे. हिंदीत 'मौलिक अधिकार' म्हणतात. मराठीने 'हक्क' निवडला आणि 'अधिकार' अधिकाऱ्यांकडे ठेवला. वाटणी एका अर्थी सोयीची झाली: हक्क नागरिकाचा, अधिकार साहेबाचा. पण हा 'हक्क' जुन्या कागदपत्रांतून आला, तो वतनाचे बोट धरून. पाटलाचे हक्क, देशमुखाचे हक्क, हक्क-लवाजिमा, मानपान. हे सगळे सनदेने मिळायचे, सरकारची मर्जी फिरली की जप्त व्हायचे आणि नजराणा भरला की परतही मिळायचे. आजही आपण बेधडक 'हक्कांची सनद' म्हणतो. सनद म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेला कागद, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. सरकारी कचेऱ्यांत भिंतीवर 'नागरिकांची सनद' लावलेली असते. तिच्यावर बहुधा कॅलेंडर टांगलेले असते, ते सोडा. मुद्दा असा, की मराठी माणसाच्या मनात हक्क आणि मेहेरबानी शेजारी शेजारी राहतात आणि मधली भिंत पातळ आहे.

मेहेरबानीचे राज्य कसे असते, ते टिळकांच्या हस्तलिखितावरून कळते. मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले. १९१४ मध्ये सुटका झाली, पण वह्या सरकारने ठेवून घेतल्या. त्या मिळतील की नाही याची मित्रांना धास्ती. परत नाही आल्या तर सगळे पुन्हा लिहून काढीन, असे टिळक म्हणाल्याचे सांगतात. ग्रंथ माझ्या डोक्यात आहे. पुढे वह्या आल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ निघाला. इंग्रज सरकार त्या बाबतीत भलेपणाने वागले, हे मान्य करू. पण टिळकांच्या हातात होते काय? स्वतःची स्मरणशक्ती आणि साहेबाची मर्जी. न्यायालयात जाऊन 'वह्या अडवायला आधार कोणता, दाखवा' असे म्हणायची सोय नव्हती. पन्नास वर्षांनी स्वराज्यातले सरकार इंग्रजांपेक्षा हट्टी निघाले आणि तरी पुस्तक बाहेर आले. सरकारचा चांगुलपणा घटला तरी चालले, कारण आता त्यावर अवलंबून राहायची गरज उरली नव्हती.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. माणूस मुळात मोकळा, सरकारने अडवले तर कारण दाखवावे. पण याच्या आड एक मोठा माणूस उभा आहे आणि त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी टीकाकारांना उत्तर दिले. मूलभूत हक्कांना इतके अपवाद जोडल्यावर उरले काय, अमेरिकेत तर हे हक्क निर्बंधांविना आहेत, असा आक्षेप होता. अमेरिकेतले हक्कही निरंकुश नाहीत, हे त्यांनी तिथल्याच निवाड्यांच्या आधारे दाखवले. शिवाय मूलभूत हक्क ही कायद्याची देणगी आहे, असे स्वच्छ सांगितले. म्हणजे ज्या 'देणगी'च्या कल्पनेवर मी आत्ता तोंडसुख घेतले, ती खुद्द बाबासाहेबांच्या तोंडी आहे.

ते असे का म्हणाले असतील, हे मला महाडकडे पाहिल्यावर कळते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ च्या आरंभी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळ्यातले पाणी मात्र जिथे होते तिथेच राहिले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसे तळ्यावर गेली, ओंजळीने पाणी प्यायली. त्यानंतर त्यांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. वर सवर्णांनी दिवाणी दावा लावला, तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी ते न वापरण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा न्यायालयाचा मनाईहुकूम आड आला आणि बाबासाहेबांनी तो पाळला. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो आंबेडकरांच्या बाजूने. निकालपत्र ब्रूमफील्ड यांचे, ज्यांनी १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली तेच. ही वहिवाट अनादी आहे, हे अडवणाऱ्यांना सिद्ध करता आले नाही.

निसर्गाने महाडच्या अस्पृश्यांना काय दिले होते? तहान. समाजाने काय दिले होते? वहिवाट. हक्क आला तो कायद्याकडूनच, तोही रखडत, लाठ्या खाऊन. माणूस जन्मतः मोकळा असतो हे वाक्य ज्याला कोणी तळ्यावरून हुसकले नाही त्याला सहज सुचते. बाबासाहेबांना ते सुचणे शक्य नव्हते. म्हणून घटनेच्या तिसऱ्या भागात नुसती सरकारविरुद्धची ढाल नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम, विहिरी-तळी-रस्ते-उपाहारगृहे खुली करणारा पंधराव्या कलमाचा दुसरा भाग, वेठबिगारीला मनाई करणारे तेविसावे, ही कलमे शेजाऱ्याच्या विरुद्ध, गावाच्या विरुद्ध आहेत. गावाविरुद्धचा हक्क कायद्याला निर्माणच करावा लागतो.

तरीही महाडचा निकाल आणि संझगिरींचा निकाल एकाच नात्यातले आहेत, असे मला वाटते. दोन्हीकडे प्रश्न उलटला. तळ्यावर १९२७ मध्ये जाब विचारला जात होता तो पाणी पिणाऱ्याला. १९३७ मध्ये पुरावा मागितला गेला तो पाणी अडवणाऱ्याकडे. हक्क निसर्गाने दिला की कायद्याने, हा वाद तत्त्वज्ञांना लखलाभ. एकदा तो आला, की जबाबाचे ओझे अडवणाऱ्याच्या खांद्यावर जाते; ते गेले नसेल, तर हक्क आलेलाच नाही.

घटनाकारांनी हे ओझे सरकारवर पुरते ठेवले का? नाही, आणि ते त्यांनाही ठाऊक होते. मसुद्यात आधी 'कायद्याच्या उचित प्रक्रिये'ची, म्हणजे अमेरिकी धर्तीची भाषा होती. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले आणि एकविसाव्या कलमात 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' हे शब्द आले. कायदा कसाही असो, त्यात सांगितलेली पद्धत पाळली की झाले, असा त्याचा सरळ अर्थ निघे. बाबासाहेबांनी या बदलावर ठाम बाजू घेतली नाही. दोन्हीकडे धोका आहे, असे म्हणून त्यांनी निर्णय सभेवर सोडला. पुढे १९४९ मध्ये आजचे बाविसावे कलम आणताना, आधीच्या कलमावर लोक नाराज आहेत हे त्यांनी कबूल केले आणि ही थोडी भरपाई आहे, असा सूर लावला. भरपाई चमत्कारिक होती. अटकेचे कारण सांगा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, हे सांगणाऱ्या कलमातच खटल्याशिवाय डांबून ठेवण्याला घटनेत जागा मिळाली. शांततेच्या काळातल्या स्थानबद्धतेची सोय मूलभूत हक्कांच्या प्रकरणात करणाऱ्या राज्यघटना जगात फार नाहीत. यातले बरेच हक्क पोलीस शिपायाच्या नजरेने लिहिल्यासारखे वाटतात, असा टोला कम्युनिस्ट सभासद सोमनाथ लाहिरी यांनी १९४७ मध्येच मारला होता.

घटना अमलात येऊन चार महिने झाले नव्हते, तोच स्थानबद्ध ए. के. गोपालन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो सरळ अर्थच कायम केला. न्या. फजल अली यांनी वेगळे मत नोंदवले, पण ते अल्पमतात. त्यानंतरची पंचवीस वर्षे बहुतेक काळ स्थानबद्धतेचा कायदा या ना त्या नावाने चालू राहिला. त्या वाटेच्या शेवटी १९७६ उभे होते.

त्याआधीचा एक प्रसंग सांगायला हवा. पासपोर्ट म्हणजे तेव्हा निव्वळ सरकारी मर्जी होती. देण्या-नाकारण्याला कायदाच नव्हता. एप्रिल १९६७ मध्ये सुब्बा रावांच्याच न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले, की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावाचून ते अडवता येत नाही. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. दहा वर्षांनी जनता सरकारने मनेका गांधींचा पासपोर्ट सार्वजनिक हितासाठी जप्त केला. कारण विचारले तर उत्तर आले, कारण न सांगणे हेच सार्वजनिक हिताचे आहे. आणीबाणीविरुद्ध लढून आलेल्या सरकारचे हे उत्तर! जानेवारी १९७८ मध्ये सात न्यायमूर्तींनी ठरवले, की कायद्यात पद्धत लिहिलेली असणे पुरेसे नाही. ती न्याय्य आणि वाजवी हवी. गोपालनचा अरुंद अर्थ तिथे गळून पडला.

पण मधले १९७६. आणीबाणी जाहीर झाल्यावर दोनच दिवसांनी, २७ जून १९७५ रोजी, राष्ट्रपतींच्या आदेशाने चौदा, एकवीस आणि बावीस या कलमांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला. स्थानबद्धतेच्या 'मिसा' कायद्याखाली आत असलेल्यांच्या वतीने तरीही अर्ज झाले, आणि नऊ उच्च न्यायालयांनी ते ऐकून घेता येतात असे म्हटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक दुष्मनीतून कोणाला ठार मारले तर? आणीबाणी आहे तोवर न्यायालयात इलाज नाही, असे उत्तर मिळाले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने निकाल सरकारच्या बाजूने लागला.

१९६२ च्या आणीबाणीतला तसाच राष्ट्रपतींचा आदेश सशर्त होता आणि १९७५ चा सरसकट, हा तांत्रिक फरक मला मान्य आहे. पण बहुमताने दिलेले कारण वाचताना आर्थर रोडचे जुने प्रकरणच पुन्हा कानावर येते. जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क एकविसाव्या कलमात आहे, तिथेच आहे. ते कलम झाकले, की मागे काही उरत नाही. म्हणजे यादी मिटली की माणूसही मिटला. खन्नांचे अल्पमत याच्या नेमके उलट: राज्यघटना नव्हती तेव्हाही कायद्याच्या आधारावाचून कोणाला जिवानिशी मारायचा अधिकार राज्याला नव्हता, तो एका आदेशाने कसा येईल? यादीत नसलेल्या जेवणाचा प्रश्न अकरा वर्षांनी पुन्हा विचारला गेला होता, आणि या खेपेला चार न्यायमूर्तींना तो ऐकू आला नाही. खन्नांना सरन्यायाधीशपद मिळाले नाही. बहुमतातले एक न्या. यशवंत चंद्रचूड, पुण्याचे. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी तो निकाल मोडीत काढला, तेव्हा ते निकालपत्र त्यांच्या चिरंजीवांच्या लेखणीतून आले. वर्तमानपत्रांनी बाप-लेकाची गोष्ट रंगवली. मला त्यात रंगण्यासारखे फारसे काही दिसत नाही. चूक दुरुस्त व्हायला एकेचाळीस वर्षे लागली आणि तोवर ती पुस्तकात होती, एवढे दिसते.

या सगळ्याला एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. 'मला अडवू नका' हे स्वातंत्र्य ज्याच्यापाशी लिहायला वही, प्यायला तळे आणि जायला परदेश आहे त्याच्या उपयोगाचे. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला कोणी अडवले नाही तरी तो जाणार कुठे? १९८१ मध्ये मुंबईच्या फुटपाथांवरच्या झोपड्या पाडून माणसांना शहराबाहेर धाडायची मोहीम निघाली, भर पावसाळ्यात. ओल्गा टेलिस या पत्रकार आणि इतर न्यायालयात गेले. १९८५ मध्ये, चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, निकाल आला, की उपजीविका हाही जीविताचाच भाग आहे. रोजगार हिरावणे म्हणजे जगणे हिरावणे. हे वाचून ऊर भरून येतो. पुढची पाने वाचली, की तो रिकामा होतो. फुटपाथ चालण्यासाठी आहेत, पालिका झोपड्या काढू शकते. मात्र आधी नोटीस द्यावी, पावसाळा संपू द्यावा. हक्क मिळाला आणि झोपडी गेली.

तरी त्या निकालाला मी पोकळ म्हणणार नाही. सहा महिन्यांनी येणारा बुलडोझर आणि पहाटे न सांगता येणारा बुलडोझर यांतला फरक बुलडोझरसमोर उभे राहिलेल्यालाच विचारावा. नोटीस म्हणजे सरकारने दिलेला जबाब असतो. अपुरा, पण जबाब. घर देणे हे राजकारणाचे काम आहे, ते न्यायालयाकडून होणार नाही. आणि जिथे सरकार कोणालाही जबाब देत नाही, तिथे ते घरेही आपल्या माणसांनाच देते.

आता थोडे घरचे. मराठी माणसाला नाटकाचे वेड, आणि मराठी नाटकालाच आपण उलट्या नियमाने चालवतो. कादंबरी लिहिली तर छापायला कोणाची परवानगी लागत नाही. आक्षेप असेल तर आक्षेप घेणाऱ्याने न्यायालयात जावे. तीच गोष्ट रंगमंचावर आणायची, तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र मिळवायचे. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'वर मंडळाची कात्री चालली, प्रयोग थांबले, कमलाकर सारंग उच्च न्यायालयात लढले आणि जिंकले. त्या लढाईवर 'बाइंडरचे दिवस' हे अख्खे पुस्तक झाले. मंडळ मात्र राहिले. २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी या पूर्वपरवानगीलाच उच्च न्यायालयात आव्हान दिले. गमतीची गोष्ट अशी, की रंगकर्मींपैकी पुष्कळांना मंडळाचा त्रास वाटत नाही. प्रमाणपत्र हातात असले म्हणजे उद्या कोणी दंगा केला तर दाखवता येते, असे ते म्हणतात. व्यवहार म्हणून बरोबरच आहे. पण परवाना ढालीसारखा वापरायची सवय लागली, की परवाना नसलेला माणूस उघडा पडतो, आणि दंगा करणाऱ्याला जाब विचारायचा असतो हे सगळेच विसरतात.

जमावबंदीचेही तसेच. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या सदतिसाव्या कलमाखाली असे आदेश निघतात; एका आदेशाची मुदत पंधरा दिवस, मग गरज वाटली तर नवा. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते आणि कोणी ती वाचत नाही. मोर्चा काढायचा झाला, की अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात उभे राहायचे. शांततेने, शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमात आहे, पण अर्जदाराच्या चेहऱ्यावर तो दिसत नाही. तिथे दिसते ती अजिजी. याच कायद्याखाली अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांनी केलेला सभेच्या परवानगीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये रद्द केला. सभा नियंत्रित करायला हरकत नव्हती. परवानगी कोणत्या कारणासाठी नाकारायची ते नियमात लिहिलेच नव्हते, ही हरकत होती. रस्ता कोणता, वेळ कोणती, हे सरकारने जरूर ठरवावे. निर्बंध 'वाजवी' हवेत, असे घटनाच म्हणते. भाषणस्वातंत्र्याच्या बाबतीत हा शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आला, ज्या दुरुस्तीने निर्बंधांची कारणेही वाढवली. त्या एका शब्दावर न्यायालयांनी सात दशके काढली आहेत, कारण वाजवीपणा दाखवून द्यावा लागतो, आणि तो दाखवायचा सरकारने.

म्हणूनच जे कायदे हे ओझे गुपचूप पलीकडे सरकवतात, त्यांच्याकडे मी जास्त संशयाने पाहतो. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २००८ मध्ये आलेली जामिनाची तरतूद तशी आहे: आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, की जामीन नाही. आरोपीने आपले निर्दोषत्व कुठल्या कागदाने दाखवायचे, तर फिर्यादीच्याच कागदांनी. आणि स्थानबद्धता तर आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहे, की 'झोपडपट्टीदादावर एमपीडीए, वर्षभरासाठी स्थानबद्ध' ही बातमी आपण समाधानाने वाचतो. एमपीडीए हा राज्याचा स्थानबद्धतेचा कायदा, १९८१ चा. हातभट्टीवाला असो की वाळूमाफिया, त्याच्याबद्दल मला प्रेम नाही. पण त्याच्यावर खटला चालवून, साक्षीदार उभे करून त्याला शिक्षा देता येत नसेल, तर तो पोलिसांचा आणि न्यायालयांचा नाकर्तेपणा झाला. त्याचे बिल स्थानबद्धाच्या नावावर का फाडायचे? उद्या त्याच रकान्यात कोणाचे नाव येईल, ते रकाना भरणाराच ठरवतो. गोपालन आणि संझगिरी त्याच रकान्यातून आत गेले होते.

आणीबाणीतून बाहेर पडलेल्या संसदेला हे कळले होते, निदान त्या वेळी. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तिने दोन गोष्टी केल्या. आणीबाणीतही विसावे आणि एकविसावे कलम झाकता येणार नाही, असे ठरवले. ते अमलात आले. दुसरी गोष्ट बाविसाव्या कलमाची. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन महिने आत ठेवता येते, ती मुदत दोन महिन्यांवर आणायची. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचे आणि त्याचा अध्यक्ष कामावर असलेला न्यायाधीश हवा. दोन्ही सभागृहांनी हे मंजूर केले, १९७९ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रपतींची संमतीही झाली. मात्र दुरुस्तीची निरनिराळी कलमे कधी लागू करायची, ती तारीख केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर करायची होती. धनबादचे खासदार ए. के. रॉय स्थानबद्ध झाले तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साकडे घातले, की सरकारला ही तारीख घालायला सांगा. डिसेंबर १९८१ मध्ये निकाल आला, पुन्हा चंद्रचूडांच्याच न्यायालयाचा: विलंब बरा नाही, पण तारीख ठरवणे सरकारच्या हातात आहे, आम्ही हुकूम देऊ शकत नाही.

त्यानंतर दिल्लीत काँग्रेस आली, जनता दल आला, आघाड्या आल्या, भाजप आला. 'मिसा'त तुरुंग पाहिलेली माणसे पंतप्रधान झाली, गृहमंत्री झाली. त्या कलमासमोर तारीख अजून पडलेली नाही.